'काय करता?' एवढंच विचारून भागत नाही

ओपीडीच्या केसपेपरवर नाव आणि वय यांच्याखाली 'व्यवसाय' अशी एक ओळ असते. तिथे बहुतेक जण 'नोकरी', 'खाजगी' किंवा 'कंपनीत' एवढंच सांगतात. तुम्हीही तसंच सांगत असाल. आज त्या ओळीबद्दलच बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला १९१० सालच्या शिकागोत नेणार आहे.

त्या वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने कामामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी करायला घेतली. ती डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्याकडे आली. त्या शिकागोत स्थलांतरितांच्या गरीब वस्तीतल्या 'हल हाऊस' या समाजकेंद्रात राहत, त्यामुळे कारखान्यात जाणारी माणसं त्यांच्या शेजारचीच होती. पाहणीसाठी त्यांनी शिसं निवडलं. तेव्हा शिसं कुठे नव्हतं? रंगात, बॅटरीत, छापखान्याच्या खिळ्यांत, भांड्यांच्या झिलईतही होतं. कारखान्यात शिरायचा कायदेशीर अधिकार मात्र त्यांना नव्हता. मालकाने 'या' म्हटलं तरच आत जाता यायचं.

म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. इस्पितळांच्या नोंदी चाळल्या, औषधविक्रेत्यांना आणि धर्मगुरूंना विचारलं, कामगारांची घरं गाठली. त्यांच्या आत्मचरित्रातली एक हकीकत मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एका नोंदीत पोलंडहून आलेला कामगार सापडला. पोटात भयंकर कळा, मनगटं लुळी. काम काय, तर बाथटबवर एनॅमल चढवणं. बाई कारखान्यात गेल्या. तिथे टबवर रंग देणारी माणसं दाखवली गेली. रंगांची चौकशी केली तर त्यात शिसं नाहीच! मग त्या थेट त्या रोग्याच्या घरी गेल्या, आणि तिथे उलगडा झाला. त्यांनी पाहिलं होतं ते नुसतं शेवटचा हात फिरवण्याचं काम. खरं एनॅमल दुसऱ्याच ठिकाणी चढत होतं. भट्टीतून लालबुंद टब काढायचा, त्यावर एनॅमलची पूड भुरभुरायची. ती वितळून टबला चिकटते आणि उरलेली हवेत उडते. त्या पुडीत शिसं होतं.

त्या वर्षभरात ७७ उद्योगप्रक्रियांत शिसं वापरलं जात असल्याचं आणि विषबाधेचे ५७८ रुग्ण असल्याचं नोंदवलं गेलं. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, इलिनॉयने कायदा केला आणि अशा कामगारांची दरमहा वैद्यकीय तपासणी मालकावर बंधनकारक झाली.

शिसं शरीरात काय करतं? धुळीतून, धुरातून किंवा न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या घासातून ते आत जातं. रक्त तयार होण्यात अडथळा आणतं, म्हणून माणूस फिका पडतो. आतड्यांना पिळवटतं, म्हणून बद्धकोष्ठ आणि कळा. मनगट वर उचलणाऱ्या नसेवर परिणाम झाला की हात लोंबू लागतो. बरंचसं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. पोटाच्या कळा इतक्या फसव्या असतात की अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत.

हे शंभर वर्षांपूर्वीचं, असं म्हणू नका. काही वर्षांपूर्वी एक तरुण पोटदुखीसाठी आला. दोन सोनोग्राफ्या नॉर्मल, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन कंटाळलेला. व्यवसाय? 'दुकानात.' मी म्हटलं, "सकाळी गेल्यापासून संध्याकाळपर्यंत हाताने काय काय करतोस ते सांग." तेव्हा कळलं की दुकानामागच्या शेडमध्ये तो जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातल्या शिशाच्या पट्ट्या वितळवत होता. हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसत होती. रक्तातलं शिसं खूप वाढलेलं निघालं. मग त्याच्या तीन वर्षांच्या मुलीचंही रक्त तपासलं. तिचंही वाढलेलं होतं, आणि ती त्या शेडमध्ये एकदाही गेलेली नव्हती. शिसं बापाच्या शर्टावरून घरी आलं होतं.

बापलेक आता बरे आहेत. त्याने ते काम सोडलं. सोडता आलं, हे त्याचं नशीब. सगळ्यांना जमत नाही. त्यांना मी सांगतो की कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नका, तिथेच बदला, आंघोळ करूनच मुलांना उचला, शेडमध्ये डबा उघडू नका, विडी ओढू नका. कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवू नका. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, त्यामुळे घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे जास्तच पाळा.

तेव्हा बॅटरी, रंग घासणं, भंगार वितळवणं, डाक देणं, मूर्तींचं किंवा भांड्यांचं काम यांपैकी काहीही करत असाल, तर डॉक्टरांना कामाचं नाव सांगून थांबू नका, कृती सांगा. आणि एक लक्षात ठेवा: रक्तातलं शिसं मोजण्याची तपासणी 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये बहुधा नसते. ती वेगळी मागून घ्यावी लागते.