टाळ कुठे गेले?

मित्रहो, कपॅसिटर हा प्राणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. बारावीला तो भेटतो, एफ.ई.ला बेसिक इलेक्ट्रॉनिक्समध्ये पुन्हा भेटतो आणि व्हायवाला एक्स्टर्नलच्या तोंडून हमखास भेटतो. "कपॅसिटर डीसीला काय करतो?" "अडवतो, सर." "आणि एसीला?" "जाऊ देतो, सर." एवढं पाठ असलं की दोन मार्क पक्के. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना तो हॉस्टेलच्या पंख्यामुळे माहीत असतो. पंखा पाचवर ठेवूनही मुंगीच्या चालीने फिरायला लागला की वायरमन काका येतात, वरचा पांढरा डबा बदलतात आणि पंखा परत पळायला लागतो. म्हणजे कपॅसिटर म्हातारा होतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाने डोक्यावर अनुभवलेलं आहे.

अशाच एका म्हाताऱ्या कपॅसिटरची ही हकिगत. तो पंख्यातला नाही, जुन्या लाउडस्पीकरच्या पोटातला आहे.

आमच्या आप्पांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, लाकडी स्पीकरची एक जोडी आहे. १९८३ च्या दिवाळी बोनसमधून घेतलेली. एकेक डबा एवढा जड की दोघांनी उचलावा. आप्पा पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात फोर्ज शॉपला होते. दिवसभर लाल लोखंडावर हॅमर पडायचा आणि रात्री घरी रेकॉर्ड लागायची ती पं. भीमसेन जोशींच्या अभंगांची. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी अभंग ऐकले ते याच डब्यांतून.

गेली दोन-तीन वर्षं आप्पांची एकच तक्रार होती. "अरे, या स्पीकरमधले टाळ कुठे गेले? बुवांचा आवाज येतो, मृदंग येतो, पण टाळ गोधडीखाली वाजल्यासारखे वाटतात." नातू ई अँड टीसीला म्हटल्यावर तक्रार माझ्याकडे येणं ओघानेच आलं. (मोबाइल हँग झाला, गीझर तापत नाही, टीव्हीवर मालिका दिसत नाही, सगळं माझ्याकडेच येतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

डबा उघडला तर आत सगळा संसार अगदी साधा. खाली आठ इंची वूफर, वर छोटा ट्वीटर आणि ट्वीटरच्या वायरमध्ये एकुलता एक कपॅसिटर: ४.७ मायक्रोफॅरड, बायपोलर. यालाच क्रॉसओव्हर म्हणायचं. मोठ्या स्पीकरमध्ये कॉइल, रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर असा मोठा कुटुंबकबिला असतो, पण काम तेच. जाड आवाज वूफरकडे जावा आणि बारीक आवाज ट्वीटरकडे. ट्वीटर नाजूक असतो. त्याच्यावर तबल्याचा डग्गा जोरात आला तर तो जळून जाईल. म्हणून कपॅसिटर दारात वॉचमनसारखा उभा असतो. फ्रीक्वेन्सी कमी असेल तर अडवतो, जास्त असेल तर आत सोडतो.

कुठपासून सोडतो? एक भागिले दोन पाय आर सी. ट्वीटर आठ ओहमचा धरला तर ४.७ मायक्रोफॅरडला उत्तर येतं सुमारे ४,२०० हर्ट्झ. (ट्वीटर हा काही शुद्ध रेझिस्टर नव्हे, त्यामुळे हे उत्तर ढोबळ आहे, हे सर लाल पेनाने लिहायच्या आत मीच लिहून टाकतो.) टाळांचा खणखणाट, तानपुऱ्याची जवारी, 'स', 'श', 'फ' ही अक्षरं हा सगळा ऐवज मुख्यतः या वरच्या भागातला.

आता या कपॅसिटरचं दुखणं. बायपोलर इलेक्ट्रोलिटिकमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात, दोन्हींवर ऑक्साइडचा थर आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद. ही गुंडाळी एका डबीत भरून तोंडाला रबराचं बूच. स्वस्त आणि आटोपशीर, म्हणून त्या काळातल्या कितीतरी कंपन्यांनी तोच वापरला. पण रबराच्या बुचातून रसायन वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. कागद कोरडा पडला की कपॅसिटन्स घटतो आणि आतला रोध, ज्याला आपण ईएसआर म्हणतो, तो वाढतो.

मी सोल्डरिंग गन तापवणार एवढ्यात आठवले आमच्या लॅबचे असिस्टंट काका. काकांचं एकच ब्रीद आहे: "आधी मोज, मग बदल." म्हणून सुट्टी संपल्यावर दोन्ही डबे एका मित्राच्या गाडीत घालून हॉस्टेलवर आणले. (रेक्टर सरांनी विचारलं, "डीजे लावणार का?" मी म्हणालो, "सर, यात फक्त अभंग वाजतात." परवानगी मिळाली.) कपॅसिटरचा एक पाय सोडवला, कारण सर्किटमध्ये असताना मोजलं तर ट्वीटरचाही रोध मोजला जातो, आणि लॅबच्या एलसीआर मीटरला लावला. ४.७ च्या जागी ३.६ मायक्रोफॅरड. ईएसआर २.८ ओहम. दुसऱ्या डब्यातलाही त्याच माळेचा मणी.

हिशेब मांडला. चांगल्या ४.७ च्या तुलनेत ४ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ट्वीटरला जवळजवळ अडीच डेसिबल कमी मिळत होते. अडीच डेसिबल म्हणजे कानाला स्पष्ट कळावा एवढा फरक. गोधडी सापडली!

मग शनिवारी पुण्याला, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. ज्यांनी प्रोजेक्टसाठी ही गल्ली पालथी घातली आहे त्यांना सांगायला नको. दुकानदाराने विचारलं, "एनपी देऊ का फिल्म?" एनपी म्हणजे नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक, जुन्याचाच नवा अवतार. फिल्म म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यात ओला कागद नाही, म्हणून सुकायचा प्रश्न नाही, आणि अंतर्गत रोध जवळजवळ शून्य. आकार मात्र अंगठ्याएवढा. साधा, अधिक-उणे खूण असलेला इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही, कारण इथला करंट दोन्हीकडून येतो.

इथे एक गंमत आहे आणि ती 'अपग्रेड'च्या नादात पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९८३ साली ज्याने हा स्पीकर जुळवला त्याच्या हातात इलेक्ट्रोलिटिकच होता, आणि नव्या इलेक्ट्रोलिटिकलाही अर्धा-एक ओहम रोध असतोच. त्याने कानाने आवाज जुळवला तो तेवढा रोध धरून. आता तिथे शून्य रोधाचा फिल्म कपॅसिटर लावला तर ट्वीटर मूळच्यापेक्षा जास्त बोलायला लागेल. पहिल्या दिवशी तो 'क्लिअर' वाटेल, आठव्या दिवशी डोकं उठवेल. उपाय सोपा आहे: पॉलिप्रॉपिलीनच्या सीरिजमध्ये ०.६८ ओहमचा, पाच वॉटचा एक रेझिस्टर. मी तेच केलं. आप्पांना त्यांचेच टाळ परत हवे होते, नवे नकोत.

बाजारात याच ४.७ मायक्रोफॅरडचे हजारो रुपयांचे कपॅसिटरही मिळतात. कुणात चांदीची पट्टी, कुणात तेल. 'शंभर तास वाजवा, मग आवाज खुलतो' असंही ऐकायला मिळतं. आपण इंजिनिअर, तेव्हा परीक्षा घ्यायला काय हरकत आहे? एवढ्या महागातले परवडणारे नव्हते, पण साधा पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन होते आणि जुना सुकलेलाही होता. टॉगल स्विच लावला, मध्ये चादर टांगली, चादरीमागे मी बसलो, प्रत्येक फेरीला नाणं उडवून कपॅसिटर निवडला आणि चादरीपुढे माझा रूममेट. (मेकॅनिकलचा. सूर आणि सुरी यांतली त्याला दुसरीच जास्त कळते.) जुना विरुद्ध नवा: दहापैकी दहा बरोबर. पॉलिएस्टर विरुद्ध पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही ४.७ आणि दोन्हीत तोच रेझिस्टर: दहापैकी पाच. नुसतं नाणं उडवलं तरी तेवढे येतात. दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर अंदाजपंचे येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. तेव्हा पहिला फरक खरा, दुसरा आमच्या कानांपुरता तरी नाही. मूल्य योग्य, रोध योग्य आणि माल सुका न पडणारा, एवढं सांभाळलं की पुढचे पैसे मेसच्या बिलाला वापरावेत.

डबे घरी नेले. आप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले, रेकॉर्ड लावली. स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "अगंबाई, टाळ किती खणखणीत वाजतायत आज!" मी विजयी मुद्रेने आप्पांकडे पाहिलं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग मान हलवून म्हणाले, "बरंय. पण टाळ काही आले नाहीत रे."

मोबाइलवर स्पेक्ट्रम बघितला. दहा किलोहर्ट्झपर्यंत आवाज व्यवस्थित होता. डब्याबाहेर टाळ येत होते, आजीपर्यंत दोन खोल्या ओलांडून पोहोचत होते. चार फुटांवर बसलेल्या आप्पांपर्यंत पोहोचत नव्हते. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आई म्हणायची "सात वाजले", आप्पा म्हणायचे "आठ कसे वाजले एवढ्यात?" आम्ही हसायचो. 'सात'मधला 'स' गेला की उरतं ते 'आठ'च्या जवळचंच.

आप्पांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओग्रॅम काढला. आपण बोडे प्लॉट काढतो ना, तसाच कानाचा आलेख. खालच्या फ्रीक्वेन्सीला रेघ ठीक होती, पुढे ४,००० हर्ट्झला खोल दरी. डॉक्टरांनी कागद बघूनच विचारलं, "कारखान्यात होतात का?"

याचं कारण आपल्याला समजण्यासारखं आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद. एका बाजूने बंद नळीचं रेझोनन्स आपण बारावीच्या प्रॅक्टिकलला काढलेलं आहे. उत्तर तीन किलोहर्ट्झच्या आसपास येतं. त्या भागातला आवाज नळी स्वतःच मोठा करून आत पाठवते आणि मार बसतो तो त्याच्या थोडा वर, चार किलोहर्ट्झच्या जागी. आत, शंखासारख्या कॉक्लियात, प्रत्येक कानाला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. सततच्या दणक्याने त्या मरतात. त्वचा परत येते, मोडलेलं हाड जुळतं, पण माणसाच्या कानात ही पेशी एकदा गेली की पुन्हा उगवत नाही. वयानेही वरचा आवाज कमी होतो, पण ही दरी हॅमरने खणलेली होती.

आप्पा कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझाच ट्वीटर गेला म्हणायचा. कपॅसिटर बदलून मिळेल का?" डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. पण घरी येताना रिक्षात कोणी बोललं नाही. नंतर आप्पांनीच सांगितलं, की शॉपमध्ये फार तर कापसाचे बोळे असायचे आणि ते कानात घालणाऱ्याला बाकीचे चिडवायचे. कापसाचे बोळे तसेही फारसा आवाज अडवत नाहीत.

आप्पांना आता श्रवणयंत्र आहे. 'सात'चे सात ऐकू येतात. उरलेल्या पेशींना यंत्र मोठ्याने ओरडून सांगतं, गेलेल्या पेशी आणून देत नाही. अभंग ऐकताना ते यंत्र काढून ठेवतात, म्हणतात त्याने गाणं पत्र्यासारखं वाजतं.

मित्रहो, हे सगळं कॉलेजच्या अंकात लिहायचं कारण म्हणजे आपण. आपल्यातले कितीतरी जण सुट्टीत इन-प्लांट ट्रेनिंगला प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगला, जनरेटरच्या खोलीत जाणार आहेत. उरलेले रात्रभर कानात इअरफोन घालून सबमिशन लिहिणार आहेत. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला अवघी पंधरा मिनिटं. फोर्जच्या हॅमरजवळ शंभर सहज ओलांडले जातात. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. गॅदरिंगला डीजेच्या भिंतीसमोर नाचून रूमवर आल्यावर कानात 'कुंई' वाजतं ना, ती केसपेशींची तक्रार असते. ती दुसऱ्या दिवशी थांबते म्हणून हिशेब मिटला असं नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी जुने स्पीकर आहेत त्यांनी डबा जरूर उघडावा. आधी मोजावं, मग बदलावं. लॅबमधले काका मदत करतात. आणि ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी स्टोअरमधून हेल्मेट आणि बूट घ्याल तेव्हा इअरप्लगही मागून घ्या. कोणी चिडवलं तर चिडवू द्या. तेवढ्या आवाजात ते तसंही ऐकू येणार नाही.

– टी.ई. (ई अँड टीसी)