कमावती बेदेनी

ढाक्याच्या वायव्येला सावर नावाचं शहर आहे. तिथे बंशी नदीच्या काठी बेदे लोकांची मोठी वस्ती आहे. मी सकाळी पोचले तेव्हा अनेक दारांत बाप्ये पोरांना खेळवत बसले होते आणि बायका टोपल्या घेऊन केव्हाच निघून गेल्या होत्या. बांगलादेशातल्या या नदीवरच्या भटक्यांचं नाव काढलं की लोकांना आधी साप आठवतात. पण त्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या ओढला तो या बायकांनी, बेदेनींनी.

बायकांच्या या रोजच्या फेरीला ते गावाल म्हणतात. बेद्यांमध्ये पोटगट आहेत. त्यांतल्या सांदार बायका दारोदार बांगड्या विकतात. माल बायका सांधे धरलेल्या माणसाला शिंग लावून रक्त ओढतात, झाडपाला आणि ताईत देतात. सापुडे साप धरतात, खेळवतात. तळ्यात पडलेला सोन्याचा दागिना बुडी मारून काढून देणारेही त्यांच्यात आहेत.

लग्नाची एक जुनी रीत तर विलक्षण आहे. नवरदेव झाडावर चढतो आणि उडी मारायची धमकी देतो. सासूसासऱ्यांना, पोराबाळांना आणि त्यालाही पोसण्याचं वचन नवरीने खालून दिलं की मगच तो उतरतो. एका म्हातारीने हे सांगितलं आणि म्हणाली, "दिदी, दिलेला शब्द आम्ही पाळला."

पूर्वी एका नावेत एक कुटुंब राही. वर बांबूच्या तट्ट्यांचं कमानदार छप्पर, आत मातीची चूल. अशा अनेक नावांचा एक बहर, त्याचा एक सरदार. बहुतेक बेदे मुसलमान आहेत, तरी सापांची देवी मनसा त्यांच्या जगण्यातून गेलेली नाही.

नद्या गाळाने भरल्या, रस्ते झाले, बांगड्यांची दुकानं आणि दवाखाने गावोगाव पोचले. बंशीचं पाणी कारखान्यांनी नासवलं. 2012च्या वन्यजीव कायद्याने साप पकडण्यावरही बंदी आली. पडद्यावरची बेदेनी लोकांना आवडली: 1989 साली 'बेदेर मेये ज्योत्स्ना' (बेद्यांची मुलगी ज्योत्स्ना) हा सिनेमा बांगलादेशात तुफान चालला. खऱ्या बेदेनींची नावं मात्र, कायमचा पत्ता नाही म्हणून, पुढेही कित्येक वर्षं मतदार यादीत नव्हती.

आता बरेचसे बेदे काठावर घरं करून राहू लागले आहेत. कुटुंब बायकांनीच चालवलं आहे. तेव्हा बेद्यांना जी जमीन आणि घरं दिली जातील ती या बायकांच्या नावावर व्हायला हवीत.