अमक्याचा कोकोचा पेला

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातला माया लोकांचा एक मातीचा पेला मी फक्त फोटोत पाहिला आहे, आणि तोही उलगडलेला. जस्टिन केर या छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात असा कॅमेरा तयार केला, की भांडं समोर फिरत राहतं आणि त्याचा सगळा घेर एका लांब पट्टीवर उतरतो. अभ्यासाला फार सोयीचं. पण पट्टीत सगळं एकदम दिसतं, आणि या पेल्याची खुबी सगळं एकदम न दिसण्यातच आहे.

उंची जेमतेम वीतभर. इसवी सन ६७० ते ७५० च्या सुमारास, आजच्या ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेनच्या जंगलात, चाकाशिवाय घडवलेला. सायीच्या रंगावर तपकिरी-काळ्या रेषा. इतक्या सफाईच्या, की हात पोथी लिहिणाऱ्याचा वाटावा. एका बाजूला महालात एक म्हातारा देव बसलाय. अभ्यासक त्याला नुसतं ‘देव एल’ म्हणतात. पाताळाचा, व्यापाराचा, तंबाखूचा धनी. तोंडाचं बोळकं, डोक्यावर घुबडाची रुंद टोपी, आणि हा गृहस्थ समोरच्या तरुणीच्या मनगटावर कंकण बांधण्यात गर्क. भोवती आणखी चौघी. एक जण उभ्यानं कोकोची धार उंचावरून खालच्या भांड्यात सोडते आहे, फेस यावा म्हणून. दुसरी मान वळवून मागे पाहते आणि शेजारणीच्या पायाला हात लावून तिलाही खुणावते. काय पाहते? पेला फिरवायला हवा. पलीकडे मुखवटे घातलेले दोघे एका बांधलेल्या माणसाचं मुंडकं उडवताहेत. पिणाऱ्याला एका घोटाला मेजवानी, दुसऱ्याला वध.

अशा पेल्यांच्या काठावर एक अक्षरांची ओळ असते, भांड्याभांड्यांवर जवळजवळ तीच. मायकेल को या विद्वानानं १९७३ साली तिच्यात मृत्यूनंतर म्हणायचं स्तोत्र पाहिलं. पेले थडग्यांत सापडतात, चित्रं पाताळाची. तर्क चुकीचा म्हणवत नाही. पण १९८० च्या दशकात अक्षरं लागू लागली आणि मजकूर निघाला तो असा: हा अमक्याचा कोको पिण्याचा पेला. लग्नात आलेल्या पातेल्यावर आपल्याकडे नाव कोरून घेतात, तसंच. १९८४ मध्ये रिओ आसुलच्या एका न लुटलेल्या थडग्यात फिरकीच्या झाकणाचं भांडं मिळालं. त्यावर कोको लिहिलेलं होतं, आणि तपासणीत आत कोकोचेच अंश निघाले. काहींचा यानं हिरमोड झाला म्हणे. मला उलट मालकच आवडू लागला. घोटाघोटाला पाताळ दिसावं अशी हौस, आणि पेला हरवू नये म्हणून वर नाव!

देवाच्या आसनाखाली एक ससा बसून लिहितो आहे. हा साधासुधा कारकून नव्हे. दुसऱ्या एका माया भांड्यावर यानंच या म्हाताऱ्याचे कपडे आणि टोपी पळवली आहे आणि बिचारा उघडा देव सूर्यदेवाकडे गाऱ्हाणं नेतो, तर ससा सूर्याच्याच गुडघ्याआड लपलेला. माया लोकही चंद्रावर ससाच पाहत, आपल्यासारखा. दरबाराची नोंद अशा चोराच्या हाती देणारा चित्रकार मनातल्या मनात हसला असणार.

सशाच्या पुढ्यातल्या पोथीला जग्वारच्या कातड्याचं वेष्टण आहे. अशा पोथ्या झाडाच्या सालीच्या कागदाच्या, घडीघडीच्या असत. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या ख्रिस्ती साधूनं सापडल्या तेवढ्या जाळल्या. पुष्कळशा दमट हवेनंच संपवल्या. आज जगात चार उरल्यात. पोथी लिहिणाऱ्यांचा हात कसा चाले, हे आता कळतं ते जास्त करून भांड्यांवरून.

आणि भांडी आपल्यापर्यंत आली तीही बहुतेक चोरवाटेनंच. थडगी फोडायची, हाडं उधळायची, पेला बाजारात विकायचा. प्रिन्स्टनच्या पेल्यावर मालकाचं नाव शाबूत आहे, मुवान कुक. तो कोणत्या गावचा, कोणत्या थडग्यात, कुणाशेजारी निजला होता, हे खणणाऱ्यांनी लिहून ठेवलं नाही. विकायला त्याची गरज नव्हती.