रंकाळ्याकाठचा हिवाळा

दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो हिवाळा कोल्हापुरातच गेला. वयाची सत्तरी ओलांडलेली. थंडीने सांधा पहाटे असा आखडे, की अंथरूण सोडवत नसे. पडण्याची धास्ती तर वेदनेहून मोठी होती. अखेर सौभाग्यवतींनी काठी हाती दिली आणि ऊन वर आल्यावर आम्ही रंकाळ्यावर गेलो.

पहिल्या दिवशी एका बाकापासून दुसऱ्यापर्यंतच चाललो. गुडघा उजवा, म्हणून काठी डाव्या हाती. पायरी चढताना निरोगी पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी, हा धडा तिथेच अंगवळणी पडला. धुके विरताच 1930च्या दशकातील शालिनी पॅलेस दिसू लागे, संध्यामठावर ऊन येई. रोज एक बाक पुढे, एवढाच नेम.

संक्रांतीच्या सकाळी संध्यामठासमोर पोहोचलो. वळून पाहिले, तर एरवी माझे कोपर न सोडणाऱ्या सौभाग्यवती दोन बाके मागेच बसल्या होत्या, हाती तिळगुळाचा डबा. तेवढे अंतर मी एकट्याने चालत परतलो.