रोझोच्या बागेतली बस

कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका नावाचे एक छोटे बेट आहे. (डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नये.) क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडेसेच मोठे. लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. डोंगर, दाट जंगल, नद्या आणि केळीच्या बागा. बहुतेक लोक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. पूर्व किनाऱ्याला बेटाचे मूळ रहिवासी, कालिनागो लोक आजही राहतात.

राजधानी रोझो. तेथील वनस्पती उद्यानात गेलेला माणूस एका जागी थांबतोच. आफ्रिकन बाओबाबचे प्रचंड झाड आडवे पडले आहे आणि त्याच्याखाली एक शाळेची बस चेपून गेली आहे. बस रिकामी होती, म्हणून प्राणहानी झाली नाही. ही गोष्ट १९७९ च्या ऑगस्टमधली. त्याच वर्षी या बेटावर एक आघाडी सरकार आले होते. त्याची कहाणी समजून घेण्यासारखी आहे.

३ नोव्हेंबर १९७८ रोजी डॉमिनिका ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. पंतप्रधान पॅट्रिक जॉन स्वतः कामगार संघटनेतून वर आलेले. पण वर्षही झाले नाही तोच त्यांच्या सरकारने संपाचा हक्क आवळणारे आणि वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारे कायदे आणले. २९ मे १९७९ ला हजारो लोक रोझोच्या रस्त्यावर उतरले. सैनिकांनी गोळीबार केला, एक तरुण ठार झाला. मग सारे बेट बंद पडले. कारकून, शिक्षक, गोदी कामगार, शेतकरी, व्यापारी, चर्च आणि विरोधी पक्ष यांनी मिळून राष्ट्र बचाव समिती स्थापन केली. आठवडे लोटले, पण संप मोडला नाही. जूनमध्ये जॉन यांना जावे लागले आणि २१ जूनला ऑलिव्हर सेराफिन हंगामी पंतप्रधान झाले. सेराफिन जॉन यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले होते.

जुने सत्ताधारी, डावे, मध्यममार्गी असे सगळे एका मांडवाखाली आले. जॉन नकोत, यावर सर्वांचे एकमत होते. पुढे काय करायचे, यावर मात्र नव्हते.

आणि २९ ऑगस्टला डेव्हिड चक्रीवादळ आले. घरांची छपरे उडाली, केळीचे पीक आडवे झाले. चारांपैकी सुमारे तीन माणसे बेघर झाली. रोझोच्या बागेतले ते झाड त्याच दिवशी बसवर कोसळले. बाहेरून मदत आली, पण वाटपावरून तक्रारी सुरू झाल्या. मंत्रिमंडळात फूट पडली, कृषिमंत्री ॲथर्टन मार्टिन यांना बाहेर जावे लागले. ज्या एकीने गोळ्यांना भीक घातली नाही, ती पत्रे आणि धान्याच्या वाटणीत टिकली नाही.

२१ जुलै १९८० ला निवडणूक झाली. युजिनिया चार्ल्स यांच्या फ्रीडम पार्टीने २१ पैकी १७ जागा जिंकल्या. डॉमिनिकाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. १९९५ पर्यंत त्या पदावर राहिल्या. सेराफिन यांच्या पक्षाला दोन जागा मिळाल्या, जॉन यांच्या पक्षाला एकही नाही. तेरा महिन्यांत खेळ संपला.

तरी ते सरकार अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही. देश कोलमडलेला असताना त्याने मतपेटी लोकांपुढे आणली आणि हरल्यावर खुर्ची सोडली. मात्र कुणाला तरी हटवण्यासाठी एकत्र येणाऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी धान्य कोण आणि कसे वाटणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. वादळ कुणाची वाट पाहत नाही.

रोझोच्या बागेतली ती बस अजून तशीच आहे. आडव्या पडलेल्या बाओबाबला मात्र पुन्हा पालवी फुटली आहे.