आनंदीबाईंची अमेरिका आणि कोल्हापूरची नेमणूक

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या परदेशगमनाची सुरुवात कोल्हापुरातून झाली. टपाल खात्याच्या नोकरीमुळे गोपाळराव जोशी येथे होते. १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. मदत मिळाली नाही, पण तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या हाती लागला. त्या वेळी त्या एका दंतवैद्याकडे बसल्या होत्या. त्यांनी परक्या मुलीला पत्र पाठवले आणि पुढे ती त्यांना ‘मावशी’ म्हणू लागली.

१८८३ मध्ये आनंदीबाई पती सोबत नसताना निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले होते की, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परतू. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात शिकताना तिथल्या कडाक्याच्या थंडीत साडी आणि शाकाहार सांभाळणे शरीराला झेपणारे नव्हते, तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. तिघींनी शिक्षण एकाच कॉलेजात घेतले, पण आपली ओळख कोणीच दारात ठेवून आत गेली नाही.

परदेशातल्या वास्तव्याने आनंदीबाईंच्या विद्येला काय दिले, हे त्यांच्या प्रबंधातून नेमके दिसते. त्यांनी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदातील ज्ञान आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके त्यांनी एकत्र अभ्यासली. दोन्हींकडे सारख्याच आदराने पाहता येणे, ही त्या काळात पदवीहून दुर्मिळ गोष्ट होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. हे रुग्णालय म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर). पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नसत. अशा बायकांना घरच्या रीतीभाती जाणणारी, मराठीत विचारपूस करणारी आणि तरीही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली स्त्रीच हवी होती. आनंदीबाई नेमक्या तशा होत्या. पण क्षयाने त्या आधीच खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वय २१. कोल्हापूरची ती खुर्ची त्यांना लाभली नाही.

पुढे शाहू महाराजांनी याच गावच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवले. परतल्यावर त्यांनी आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातच स्त्री-रुग्णांची सेवा केली.