बुगडीची जागा

येरमाळा,
चैत्र शुद्ध एकादशी

चि. सई,

तुझा फोटो मिळाला. कानावर निळ्या पेनाचे तीन ठिपके आणि खाली एवढंच, ‘आत्या, टोचायला यातली कुठली जागा?’ फोनवर सांगितलं असतं, पण तू पुरतं ऐकून घेत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते. सावकाश वाच.

पहिला ठिपका कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यावर आहे. ती जागा बाद. तुझ्या कानात दिवसभर इयरफोन असतो, तो रोज त्या ताज्या जखमेवर घासणार. दुसरा ठिपका कानाच्या वाटीत, खोलगट भागात. ही जागा तुमच्या पुण्यातल्या दुकानांनी शोधली असं समजू नकोस. कानफाटे नाथ जोगी नेमकी तिथंच कान चिरून मोठाली कुंडलं घालत आले आहेत. पण त्यांची ती दीक्षा होती, तुला दागिना घालायचाय. त्या वाटीत आपल्याकडचा एकही दागिना बसत नाही. राहिला तिसरा, वरच्या कडेवरचा. बुगडीची जागा तीच, आणि पुरुषांच्या भिकबाळीचीही कानाचा वरचा भाग हीच. माझं मत त्यालाच. फक्त तुझा ठिपका जरा आत आणि जरा जास्तच वर गेलाय.

आजीची बुगडी परवा डबीतून काढून बघितली. मधोमध तांबडा खडा, भोवती मोती, त्यातला एक पिवळा पडलाय. पाठीमागे मळसूत्राची दांडी आणि तिला फिरकी. ही दांडी कानाच्या दुमडलेल्या कडेतून आरपार जाते आणि फूल कडेवर उभं राहतं. भोक फार आत पाडलं तर फूल कडेवर येतच नाही, सपाट जागेवर आडवं पडतं. अगदी टोकाला पाडलं तर वजनानं भोक ओघळतं आणि कड कापत जाते. म्हणून दुमडलेल्या कडेच्या मधोमध जागा धर. ठिपका काढताना आरशासमोर सरळ उभी राहा, मान तिरकी करू नकोस, केस रोज बांधतेस तसे बांध. मग दुसऱ्या कोणाला तरी बाजूनं बघायला सांग. प्रत्येकाच्या कानाची घडी वेगळी असते. मैत्रिणीच्या कानावर शोभली ती जागा तुझ्या कानात असेलच असं नाही. कुणाच्या कानाला वर नीट घडीच नसते, तिथं दांडी धरायला काही उरत नाही.

उजवा की डावा? तू उजव्या कुशीवर झोपतेस, फोनही उजव्याच कानाला लावतेस. मग डावा. दोन्ही एकदम टोचायचे नाहीत, नाहीतर झोपशील कुठल्या कुशीवर? स्कूटरवरचं हेल्मेट घालताना-काढताना कड मुडपते, तेही ध्यानात ठेव.

जागा बघायची रीत सुश्रुतानं सांगून ठेवलीय. बाळाचा कान डाव्या हातानं ताणून धरायचा आणि जिथून सूर्याचं ऊन पलीकडे दिसतं तिथं टोचायचं. रक्त फार आलं किंवा दुखणं वाढलं तर समजायचं की जागा चुकली. तो बोलत होता पाळीबद्दल, पण टोचण्याआधी कान उजेडासमोर धरून शीर बघणं आजही शहाणपणाचंच. जो टोचणारा एवढंही करत नाही, त्याच्यासमोरून उठून ये.

आता नर्स म्हणून दोन शब्द. पाळीत मांस आणि चरबी, तिला रक्त भरपूर. दीड-दोन महिन्यांत ती भरून येते. वरच्या भागात कूर्चा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावरच ती जगते. म्हणून तिथली जखम सहा महिने ते वर्षभर घेते. बाहेरून बरी दिसली तरी आतून कच्चीच असते. तिथं पू झाला की आवरण कूर्चेपासून सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि कान वाळल्या पानासारखा मुडपतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. पाळी सोडून वरचा सगळा कान लाल, गरम आणि हात लावू देत नाही असा झाला तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. यात बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. घरातल्या डब्यात उरलेल्या नेहमीच्या अँटीबायोटिक गोळ्यांना तो दाद देत नाही. दागिना आपल्या मनानं उपसून काढू नकोस. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात 2000 साली एका स्टॉलवर वरचे कान टोचून घेतलेल्या सात जणांना हाच जंतू लागल्याचं सिद्ध झालं. तो सापडला कुठं, तर तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीत!

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. पाळीपुरतं मीही तेच म्हणेन. आपले सोनार सोन्याच्या तारेचं टोकच टोचून लगेच पीळ देतात, हात हलका असतो. पण कूर्चेला दर वेळी नवी, सीलबंद, पोकळ सुई हवी. गन तर नकोच. गनचं बोथट टोक कूर्चा दाबून चिरडतं आणि तिचा प्लॅस्टिकचा भाग दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही. जत्रेतल्या स्टॉलवर तीच गन दिवसभर एका कानावरून दुसऱ्या कानावर फिरते.

पहिला दागिना टायटॅनियमचा, मागे चपटी चकती असलेला, दांडी थोडी लांब. सूज येते तेव्हा आखूड दांडी मांसात रुतते. सूज उतरली की टोचणाऱ्याकडूनच आखूड करून घे. बाजारातली नकली बुगडी नको, त्यात निकेल असतं आणि कान चिघळतो. धुवायला सलाइन पुरे. हळद-तेल लावू नकोस. तुझी आई लावायला सांगेलच, तिला हे पत्र वाचायला दे. दागिना गोल गोल फिरवत बसायचीही गरज नाही.

एक गोष्ट मात्र आईला नक्की विचार. पाळी टोचली तेव्हा तुझ्या कानावर गाठ उठली होती का? तुझ्या आजोळी दोघींच्या कानामागे तशा गाठी मी स्वतः पाहिल्यात. त्याला कीलॉइड म्हणतात. ती भोकापेक्षा मोठी होत जाते आणि कापली तरी पुन्हा येऊ शकते. तसं असेल तर टोचायचा विचारच सोड. दाबाची बुगडी मिळते, लांबून कुणाला फरक कळत नाही.

आणि घाई कसली? ताईचं लग्न मार्गशीर्षात. वैशाखात टोचलंस तरी तोवर जखम जेमतेम सात महिन्यांची. आजीची जड बुगडी तेवढ्यात त्या कानाला पेलणार नाही. लग्नात दाबाचीच घाल, आजीची पुढच्या वर्षी. तोवर मी सोनाराकडून तिची दांडी बारीक करून ठेवते. जुनी दांडी तुमच्या आताच्या भोकांच्या मानानं फार जाड आहे.

पौर्णिमेला येतेस ना? दुसऱ्या दिवशी येडाई देवीची पालखी आमराईत जाते, चुन्याचे खडे वेचायला लाखाची गर्दी लोटते. धूळ, घाम, भंडारा, खांद्याला खांदा. ताज्या टोचलेल्या कानानं तिथं पाऊल टाकू नकोस. आधी वेचणी करून जा, कान मागाहून टोच. डावा, कडेच्या घडीत, तुझ्या ठिपक्याच्या थोडं खाली.

तुझी,
आत्या